आईचा खोकला मी पुण्यातून कसा मोजते

"बरी आहे गं, थोडा खोकलाय." फोनवर आईचं हे रोजचं उत्तर. पाटण तालुक्यातल्या घरी चाळीस वर्षं चुलीचा धूर खाऊन तिला सीओपीडी झाला, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायम खोकला आणि दम लागण्याचा फुफ्फुसाचा आजार. गेल्या पावसाळ्यात तिला अ‍ॅडमिट करावं लागलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "ताई, आठ दिवस बेडका हिरवा पडत होता." आईनं लपवलं नव्हतं, तिच्या ते अंगवळणी पडलं होतं. रोज खोकणाऱ्याला "कसा आहे खोकला?" विचारून काही हाती लागत नाही. कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे, ते लिहिलेलं हवं.

आमच्याकडे दुधाचा हिशोब कालनिर्णयवर लिहितात. त्याच चौकोनात वहिनी सकाळच्या चहानंतर आईचं लिहिते. खोकल्याला आई स्वतः दहापैकी आकडा देते. बेडका किती चमचे आणि कोणत्या रंगाचा: पां (पांढरा), पि (पिवळा) किंवा हि (हिरवा). आणि दम: तुळशीपर्यंत न थांबता गेली की बरोबरची खूण, थांबावं लागलं तर फुली. रात्री फोटो मला येतो.

ऑक्सिमीटरनं, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्रानं, आम्हाला एकदा फार घाबरवलं. थंडीत पहाटे चारला 84 दिसलं. वहिनीनं आईचा हात शेकला, पाच मिनिटं बसवलं, तर 91. तेव्हापासून बोट गरम, नखाला रंग नाही आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिला तरच लिहायचा. आईचा नेहमीचा आकडा 91-92 आहे. 88 च्या खाली गेला तर कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्या माणसाची मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. घरी ऑक्सिजन असेल तर आकडा वाढवायला आपल्या मनानं तो वाढवू नका. या आजारात काहींच्या रक्तात त्यानं कार्बन डायऑक्साइड साठतो.

रात्रीचा खोकला कुणालाच नीट आठवत नाही. दर शनिवारी पुतण्या आईच्या उशाशी स्टुलावर मोबाईल ठेवतो, फ्लाइट मोडवर, रेकॉर्डर चालू. आठ तास ऐकत बसायची गरज नाही. आवाजाच्या रेषेत खोकल्याची उबळ उंच काट्यांसारखी दिसते. मी अकरा ते बारा आणि चार ते पाच एवढेच काटे मोजते. शंका आली तर तेवढाच तुकडा ऐकते, कारण दाराची कडीही तशीच दिसते.

बेडका वाढला, रंग बदलला, दम वाढला, यातल्या दोन गोष्टी दोन दिवस दिसल्या की आम्ही डॉक्टरांना फोन करतो. बेडक्यात रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. ओठ निळसर, एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, बोलणं असंबद्ध किंवा माणूस गुंगीत, असं असेल तर थेट 108. गुंगीत खोकला कमी झाला तर "झोप लागली" म्हणून निवांत राहू नका.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची पानं आणि श्वासातून औषध घ्यायचा पंप दोन्ही न्या. आईनं त्यांच्यासमोर पंप घेतला तेव्हा कळलं, ती श्वास आत घेऊन झाल्यावर दाबत होती, औषध सगळं तोंडातच. त्यांनी स्पेसर दिला, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी; औषध आधी तिच्यात जातं, मग श्वासाबरोबर आत. पंधरा दिवसांनी वहिनीच्या चौकोनात 7 च्या जागी 4 आला, आणि तुळशीपुढे बरोबरची खूण.