युरोपच्या विचारांच्या इतिहासात करिअर करायचंय? युनिव्हर्सिटी नंतर शोधा, आधी लॅटिन

इतिहास किंवा फिलॉसॉफी करणारी मुलं अधूनमधून विचारतात, की सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपच्या विचारांवर रिसर्च करायचाय, पुढे तेच शिकवायचंय, तर अप्लाय कुठे करू. माझं मत स्पष्ट आहे, हा प्रश्न बराच नंतरचा. या विषयात माणूस टिकतो तो भाषांवर आणि जुने कागद स्वतः वाचता येण्यावर, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

लॅटिन का, तर त्या काळातला शिकलेला माणूस बरंचसं लॅटिनमध्ये लिहीत होता. हार्वीचं रक्ताभिसरणावरचं १६२८ चं पुस्तक लॅटिन, ग्रोशियसचं युद्धाच्या कायद्यावरचं १६२५ चं लॅटिन, डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचं नीतिशास्त्र १६७७ चं, न्यूटनचं प्रिन्सिपिया १६८७ चं, सगळी लॅटिन. आता तुम्ही म्हणाल यांची भाषांतरं मिळतात की, बरोबर, मिळतात, पण पीएचडी त्या चार मोठ्या पुस्तकांवर होत नाही हो, ती होते पत्रांवर, युनिव्हर्सिटीतल्या वादविवादांच्या छापील प्रबंधांवर, पुस्तकाच्या समासात कोणीतरी खरडलेल्या नोंदींवर, आणि त्यांतल्या बहुतेकांना अजून कोणी हातही लावलेला नाही. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलेली आहे असं समजा, ज्याने रामः रामौ रामाः पाठ केलंय त्याला लॅटिनच्या विभक्त्या बघून घाम फुटत नाही. रोज अर्धा पाऊण तास, पण रोज, दोन वर्षं. सोबत फ्रेंच किंवा जर्मन वाचण्यापुरतं तरी यायलाच हवं. पुण्या-मुंबईत आलियान्स फ्रान्सेज आणि मॅक्स म्युलर भवन आहेत, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथून सुरुवात करा. बोलता नाही आलं तरी चालेल पण शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन प्रोफेसरचं अर्ध्या पानाचं एक वाक्य सोडवता आलं पाहिजे.

त्याच्यानंतर अक्षर. छापलेलं वाचता आलं म्हणजे हस्तलिखित वाचता येईल असं अजिबात नाही. मोडी शिकलेल्या माणसाला हे लगेच कळेल, भाषा आपलीच असते, शब्द ओळखीचे असतात आणि तरी पहिले काही आठवडे पान नुसतं गिचमिड दिसतं. इंग्लंडातल्या त्या काळच्या कागदांत सेक्रेटरी हँड नावाचं वळण असतं, जर्मन कागदांत कुरेंट नावाचं. ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हजचा जुनं अक्षर वाचायचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, तो करा. ट्रान्सक्रिबससारखी सॉफ्टवेअरं आता हस्तलिखित वाचून देतात आणि बऱ्यापैकी देतात, पण मशीन चुकलंय हे ओळखायला आधी तुमचा डोळा तयार लागतो.

आता विषय निवडणं, आणि इथे जरा थांबून बोलतो कारण सगळ्यात जास्त वर्षं इथेच वाया जातात. देकार्त, लॉक अशा मोठ्या तत्त्वज्ञांवर करू असं बहुतेकांच्या मनात असतं. करा, पण मोठ्या माणसाकडे त्याच्या आजूबाजूच्या लोकांमधून जा. जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्नित्झ, त्याने जवळपास ११०० लोकांशी पत्रव्यवहार केला, त्याच्या लिखाणाची संपूर्ण आवृत्ती १९२३ पासून छापली जातेय आणि अजून पूर्ण झालेली नाही. त्या ११०० मधल्या एखाद्या कमी माहितीच्या डॉक्टरवर किंवा ग्रंथपालावर एक अख्खी पीएचडी उभी राहते. सतराव्या शतकात इंग्लंडात राहून विद्वानांशी पत्रव्यवहार करणाऱ्या सॅम्युअल हार्टलिबचे कागद शेफील्ड युनिव्हर्सिटीत आहेत आणि ऑनलाइन फुकट वाचता येतात, ऑक्सफर्डचा अर्ली मॉडर्न लेटर्स ऑनलाइन हा त्या काळातल्या पत्रांचा कॅटलॉग आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका ही ऑनलाइन लायब्ररी आहे. म्हणजे विषय शोधायला तिकीट काढून युरोपला जायची गरज नाही, घरी बसून महिनाभर हे चाळा आणि ज्या माणसाची पत्रं वाचताना जेवायची आठवण राहिली नाही तो तुमचा विषय.

एक गोष्ट महाराष्ट्र-गोव्यातल्या मुलांना मुद्दाम सांगतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरचं औषधी वनस्पतींवरचं पोर्तुगीज पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं आणि चारच वर्षांत, १५६७ ला, क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पमधून त्याचा लॅटिन संक्षेप काढला, तिथून ते युरोपभरच्या विद्वानांच्या हातात गेलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, त्याचं क्रिस्तपुराण १६१६ चं, मराठीत. याच माणसाने १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं लिहिलंय. मराठी, पोर्तुगीज आणि लॅटिन तिन्ही वाचू शकणारे अभ्यासक जगात फार थोडे आहेत. म्हणून प्रत्येकाने गोव्यावरच काम करावं असं नाही, नेदरलँड्सवर करायचं असेल तर बिनधास्त करा, पण हा दरवाजा आपल्याला उघडा आहे हे माहीत असू दे.

मग युनिव्हर्सिटी. लंडनचं वॉरबर्ग इन्स्टिट्यूट (१९३३ मध्ये नाझींपासून वाचवून हॅम्बुर्गहून लंडनला आणलेली ती लायब्ररी) आणि केंब्रिजचा राजकीय विचार आणि बौद्धिक इतिहासाचा एमफिल, हे दोन मास्टर्स या विषयासाठी फार चांगले. अमेरिकेत पीएचडी पाच-सहा वर्षांची, पहिली दोनेक वर्षं कोर्सवर्क, मग मोठी परीक्षा, भाषेच्या परीक्षा वेगळ्या, आणि चांगल्या ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. इंग्लंडात तीन-चार वर्षं, थेट प्रबंध, त्यामुळे जाण्याआधीच विषय पक्का लागतो. माझा सल्ला, भाषा कच्च्या असतील तर अमेरिका, पक्क्या असतील तर इंग्लंड. आणि घर गहाण टाकून पीएचडी करू नका, खरंच नका. ऱ्होड्स, गेट्स केंब्रिज, कॉमनवेल्थ, जर्मनीसाठी डाड (DAAD), या स्कॉलरशिपना अप्लाय करा, नाही मिळालं तर वर्षभर लॅटिन अजून पक्कं करून पुन्हा करा.

गाइडला मेल लिहिताना "तुमच्या कामाने प्रभावित झालो" वगैरे नको. कुठला कागद वाचला, त्यात काय प्रश्न पडला, तो त्यांच्या कामाशी कुठे जुळतो, कुठल्या भाषा कितपत येतात, एवढंच, दोन परिच्छेदांत. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

भारतात पीएचडी करत असाल तरी जर्मनीत वोल्फनब्युटलला असलेल्या हेर्त्झोग आउगुस्ट बिब्लिओथेक या जुन्या ग्रंथालयाचं नाव लिहून ठेवा. छोटंसं गाव, पण तिथे एकेकाळी लायब्नित्झ आणि नंतर नाटककार लेसिंग ग्रंथपाल होते, आणि बाहेरच्या देशातल्या पीएचडीवाल्यांनाही तिथे राहून काम करायला स्कॉलरशिप मिळते. इंग्लंडच्या छोट्या रिसर्च ट्रिपसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत असते.

शिकवण्याची तयारी पीएचडी चालू असतानाच करा. वर्गात "प्रबोधनाची पाच वैशिष्ट्यं" लिहून देऊ नका, एक कागद द्या. स्पिनोझाच्या १६७० च्या धर्म आणि राज्यसत्तेवरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवा, लेखकाचं नाव नाही, ठिकाण हॅम्बुर्ग छापलंय, खरं पुस्तक निघालं अ‍ॅमस्टरडॅमहून. का खोटं छापलं असेल, कोणाची भीती होती, इतक्यावर तास निघतो आणि सेन्सॉरशिप, धर्म, छपाईचा धंदा सगळं मुलंच बोलायला लागतात. गॅलिलिओचं १६१५ चं ग्रँड डचेस क्रिस्तीनाला लिहिलेलं पत्रही असंच, विज्ञानावरच्या पत्रात बायबल इतकं का येतं हा एक प्रश्न पुरतो.

नोकरीचं खरं सांगायचं तर जागा कमी आणि माणसं खूप. पीएचडीनंतर बहुतेकांना काही वर्षं तीन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकवर, म्हणजे मुदतीच्या संशोधनाच्या नोकऱ्यांवर, काढावी लागतात, जर्मनीत तर मुदतीच्या करारांवर किती वर्षं राहता येतं त्याला कायद्याचीच मर्यादा आहे. भारतात यायचं असेल तर नेट किंवा सेट देऊन ठेवा, पीएचडीच्या जोरावर चालत असलं तरी, आणि फक्त आपल्या पीएचडीतल्या त्या एका ग्रंथपालावर बोलू नका, दिल्ली युनिव्हर्सिटीत आधुनिक पाश्चात्य जगाचा उदय हा पेपर बीएला असतो तसा अख्खा पेपर शिकवायची तयारी दाखवा. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांच्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपच्या (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या जागांच्या) जाहिराती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि शॉर्टलिस्ट झालात की लिहिलेलं काम लगेच मागतात, म्हणून प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्याआधीच्या उन्हाळ्यातच स्वतंत्र लेख म्हणून वाचता येईल असं करून ठेवा, आणि ते तुमच्या विषयाबाहेरच्या एखाद्या इतिहासवाल्याला वाचायला द्या, कारण निवड समितीत बहुतेक तसेच लोक असतात.