मामांचा लेख विकिपीडियावरून उडतोय? या चुका टाळा

खानापूरकडच्या एका मित्राने आपल्या मामांवर मराठी विकिपीडियात लेख लिहिला. पहिलंच वाक्य: ‘सीमाभागाचे बुलंद व्यक्तिमत्त्व, गोरगरिबांचे कैवारी, आदरणीय मामासाहेब यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला.’ दोन दिवसांत लेखावर ‘पानकाढा’ची, म्हणजे लेख काढून टाकावा अशी सूचना देणारी, पाटी लागली. याने पुसली, पुन्हा लागली, पुन्हा पुसली. मामा भला माणूस आहे, पण ही भाषा चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची.

विशेषण काढा आणि तिथे नोंद ठेवा. इंदिरा संत बेळगावच्या. त्यांना ‘थोर कवयित्री’ म्हणायची गरजच नाही. ‘गर्भरेशीम’साठी १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार, एवढ्यात काम होतं. मामा कोणत्या प्रभागातून, कोणत्या साली निवडून आले आणि ते कुठे छापून आलंय, हे लिहा. ‘साहेब’ आणि ‘आदरणीय’ गाळा. ‘झाले’, ‘गेले’ राहू द्या, मराठीत तेवढं चालतं.

मित्राने अर्धा मजकूर षष्ट्यब्दीच्या गौरव अंकातून उचलला होता. तो घरचाच मजकूर, म्हणजे स्वतंत्र संदर्भ नव्हे. वर प्रताधिकाराची (कॉपीराइटची) भानगड. पैसे भरून छापलेली शुभेच्छांची पुरवणीही तशीच.

आपल्याकडे खरी गोची पुढे होते. ‘कर्नाटकव्याप्त बेळगाव’ लिहिताना हात अडखळत नाही; १ नोव्हेंबरला सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिन पाळणाऱ्या घरात वाढल्यामुळे माझाही अडखळत नव्हता. तरी ज्ञानकोशात ‘बेळगाव, कर्नाटक’ असंच लिहावं लागतं. अधिकृत नाव ‘बेळगावी’ झालं ते १ नोव्हेंबर २०१४ला, त्यामुळे १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या ओळीत ते घुसडू नका. मामा त्यात असतील तर संघटना, तारीख, अटक झाली असल्यास ती, सगळं संदर्भासह द्या. महाराष्ट्राने २००४ साली सीमाप्रश्नी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, ही झाली माहिती. ‘अन्याय’ हा शब्द मात्र जो म्हणाला त्याच्याच तोंडी ठेवा. कन्नड विकिपीडियावर कुणी उलट बाजूने हेच करत असेल, तर त्यालाही हाच नियम.

पाटी लागलीच तर पुसत बसू नका. चर्चा पानावर ‘मी यांचा भाचा आहे’ असं सरळ सांगा, सुधारलेला मजकूर धूळपाटीवर (विकिपीडियातल्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तपासू द्या. स्वतंत्र संदर्भ मिळतच नसतील तर लेखाचा नाद सोडा. आणि लेख टिकला तरी तो तुमचा नाही: उद्या कुणी मामांवरच्या एखाद्या खटल्याची बातमी भक्कम संदर्भासह जोडली, तर ‘घरचे नाराज होतील’ म्हणून ती काढता येणार नाही.

मित्राचा लेख शेवटी चार ओळींवर आला. मामांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “एवढंच?”