शॉवरचा पंप बसवताना बायपास ठेवाच
वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम 3 मीटर, म्हणून शॉवरला धार नाही. 10 मीटर उंचीला कुठे साधारण 1 बार दाब मिळतो. प्रेशर पंप बसवायचा तर प्लंबरला आधीच सांगा:

1. पंप टाकीच्या आउटलेटवर, टाकीच्या तळापेक्षा खाली. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप न कापता उघडता येणारा जोड).
2. शेजारून बायपास, म्हणजे पंपाला वळसा घालणारी पाइपलाइन, त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा). वीज गेली किंवा पंप दुरुस्तीला गेला तरी घरात पाणी येत राहतं. थोडे पैसे वाचवायला लोक नेमकं हेच गाळतात!
3. सुरू करण्याआधी पंपातली हवा काढा. कोरडा चालला तर सील जातं.

अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. गीझरवर लिहिलेला कमाल दाब पंपाच्या दाबापेक्षा जास्त आहे ना, तेही बघून घ्या.