कोल्हापुरात नवीन आलाय आणि दारू सोडायचीय?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत लागलात की पहिला आठवडा खोली, मेस आणि पगाराचं खातं यातच जातो. माझं म्हणणं, त्याच आठवड्यात एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, मीटिंगही शोधा. पिणारी मंडळी सामान लावायच्या आत आपणहून भेटतात, न पिणारी शोधावी लागतात. मी मराठवाड्यातून इथं आलो त्याला बरीच वर्षं झाली. गाव बदललं की दारू सुटेल, या आशेवर आलेली पुष्कळ पोरं पाहिली. मीटिंगमध्ये कुणी "गाव बदलून बघितलं" म्हणालं की निम्मी खोली हसते, कारण निम्म्यांनी तेच केलेलं असतं.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. तिची सुरुवातच परगावी अडकलेल्या माणसापासून झाली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रन नावाच्या शहरात गेला होता. काम फिसकटलं, खिसा रिकामा, हॉटेलच्या लॉबीतून बारमधला गलका ऐकू येतोय आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. त्यानं चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली, दुसरा एखादा दारुडा बोलायला मिळावा म्हणून. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. डॉक्टरांनी १० जूनला शेवटची दारू घेतली, आणि तीच एएची जन्मतारीख धरतात. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

फोन लावायच्या आधी एक गोष्ट. सकाळी हात थरथरतात म्हणून पिणारे, रोज भरपूर पिणारे असाल, तर खोलीवर एकट्यानं एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत जा आणि किती पिता ते खरं सांगा. गोळ्या देऊन किंवा दाखल करून घेऊन ते दिवस पार पाडता येतात. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' छापाच्या पुड्यांवर मात्र एक रुपया घालवू नका. आत काय असतं ते कुणी सांगत नाही, आणि दारूसोबत वाईट रिअ‍ॅक्शन देणारं औषध गुपचूप पोटात जाणं धोक्याचं आहे.

गट शोधायचा तर एए इंडियाच्या वेबसाइटवर बघा, किंवा व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४४६ वर, फोन करा. ओपीडीतही विचारा. पत्ता मिळाला तरी जायच्या आधी फोन कराच, कारण मीटिंगची जागा आणि वेळ बदलत असते. 'ओपन' मीटिंगला घरचं माणूसही येऊ शकतं, 'क्लोज्ड' फक्त दारू सोडायची असलेल्यांची. दुसरी शिफ्ट असेल तर सकाळची किंवा रविवारची कुठली आहे, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

आत गेल्यावर काय असतं? बहुतेकदा शाळेचा एखादा वर्ग, नाहीतर चर्चची खोली. टेबलावर एएचं जाड निळं पुस्तक, बाजूला चहाचा थर्मास. 'इथं ऐकलेलं इथंच राहू द्या' अशी पाटी. एकेक जण "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणून बोलायला लागतो. तुम्ही भाषणाच्या तयारीनं बसलेले असता आणि समोरचे काका ज्वारीच्या डब्यात क्वार्टर कशी लपवायचे ते सांगत असतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की "आज फक्त ऐकतो" म्हणा, चालतं. आधार कार्ड कुणी मागत नाही, फी नाही. शेवटी पिशवी फिरते, नव्यानं काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. प्रार्थनेत ईश्वराचं नाव येतं, त्यावरून बिचकू नका, देव न मानणारेही तिथं बसलेले असतात. कंपनीतला सुपरवायझर दिसला तर? तोही काही मीटर रीडिंगला आलेला नसतो.

मीटिंग संपली की लगेच बाइकला किक मारू नका. बाहेरच्या दहा मिनिटांत दोन-चार फोन नंबर मिळतात, पुढं स्पॉन्सरही, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, त्यांच्यातच सापडतो. आमच्यातले काही जण मग गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात. रात्री हातात ग्लास असायची सवय अशी सहज सुटत नाही, मग दुधाचा का होईना.

आता खरी परीक्षा. कोल्हापूरकर मोठ्या मनाचा माणूस, आठवड्याच्या आत तुम्हाला मळ्यातल्या रस्सा पार्टीला बोलावणार. "घे की लगा, एवढ्यानं काय हुतंय!" हे प्रेमानं म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका. "डॉक्टरनी बंद केलीय" एवढंच सांगा, इथं त्यावर कुणी वाद घालत नाही. पहिले काही महिने तर जाऊच नका. तांबडा-पांढरा खानावळीतही मिळतो, आणि तो मळ्यातल्यापेक्षा कमी चांगला असतो हे मला मान्य आहे.

बायको-मुलं गावीच असतील तर त्यांना अल-अ‍ॅनॉनबद्दल सांगा, तो घरच्यांसाठी वेगळा गट असतो. आणि दिवाळीला किंवा जत्रेला सुट्टी टाकाल, तेव्हा निघायच्या आधी तुमच्या जिल्ह्यातल्या गटाचा नंबर इथल्या मित्रांकडून घेऊन ठेवा. गावचे जुने दोस्त स्टँडवरच उभे असतात.