आयजीडी मायलोमा ओळखताना: नव्या पॅथॉलॉजी रेसिडेंटसाठी

पहिल्या वर्षी मायलोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) शिकवतात तेव्हा चित्र ठरलेलं असतं. साठीपुढचा रुग्ण, पाठदुखी, उतरलेलं हिमोग्लोबिन, शंभरापुढचा ईएसआर, स्मिअरमध्ये तांबड्या पेशींच्या चळती आणि इलेक्ट्रोफोरेसिसवर (जेलवर प्रथिनं वेगळी करणारी चाचणी) अँटिबॉडींच्या गॅमा भागात ठसठशीत एम-बँड, म्हणजे रोगट पेशींच्या एकाच प्रथिनाचा पट्टा. बहुतेक रुग्णांत ते जुळतं. रोगट पेशी आयजीडी या प्रकारची अँटिबॉडी बनवतात त्या आयजीडी मायलोमात मात्र यातल्या अर्ध्या खुणा नसतातच. मायलोमाच्या शंभर रुग्णांत असे एक-दोन. रो आणि फेही यांनी १९६५ मध्ये आयजीडी हे प्रथिन अशाच एका रुग्णाच्या रक्तात पहिल्यांदा ओळखलं.

मी रेसिडेंट असताना नेफ्रॉलॉजी वॉर्डातून एका रुग्णाचे नमुने आले होते. पन्नाशीही न गाठलेला शेतकरी, बरेच महिने कंबरदुखीच्या गोळ्या घेत असलेला. क्रिएटिनिन खूप चढलेलं. गोळ्यांनीच किडनी गेली असेल, असं सगळ्यांना वाटणं साहजिक होतं. टोटल प्रोटीन नॉर्मल, ईएसआरही फारसा नाही. पण लघवीच्या दोन रिपोर्टांचं एकमेकांशी पटत नव्हतं: डिपस्टिकवर प्रोटीन जेमतेम ‘ट्रेस’, आणि २४ तासांच्या लघवीत कित्येक ग्रॅम.

ही विसंगती दिसली की थांबाच. डिपस्टिक मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन (अँटिबॉडीचे लहान तुकडे, कप्पा किंवा लॅम्डा प्रकारचे) तिला जवळजवळ दिसत नाहीत. त्याच लघवीत सल्फोसॅलिसिलिक ॲसिड टाकलं तर ती गढूळ होते. अगदी स्वस्त चाचणी, लहान लॅबमध्येही होते आणि दिशा दाखवते. आयजीडी मायलोमात लाइट चेन लघवीतून मोठ्या प्रमाणात जातात, म्हणून किडनीचा त्रास लवकर आणि जोरात होतो. रुग्णही इतर मायलोमापेक्षा बरेचदा तरुण असतात.

आता इलेक्ट्रोफोरेसिस. या रुग्णाचा गॅमा भाग जवळपास सपाट होता आणि शेजारच्या बीटा भागाच्या कडेला एक बारीक रेघ. नवखी नजर तिथे ‘एम-बँड नाही’ लिहून मोकळी होते. पण सपाट गॅमा ही स्वतःच मोठी खूण आहे, कारण रोगट प्लाझ्मा पेशी वाढल्या की बाकीची इम्युनोग्लोब्युलिन (अँटिबॉडी) दबतात. म्हणून टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा करून ग्लोब्युलिन किती उरतं ते बघायची सवय लावा. वाढलेलं ग्लोब्युलिन सगळ्यांच्या नजरेत भरतं, घटलेल्याकडे कुणी बघत नाही.

इम्युनोफिक्सेशनमध्ये (बँड कोणत्या प्रकारचा ते सांगणारी चाचणी) लॅम्डाच्या लेनमध्ये बँड आला. जी, ए, एम या तिन्ही लेन रिकाम्या. नेहमीच्या किटमध्ये हेवी चेनचे (अँटिबॉडीचा प्रकार ठरवणारे मोठे तुकडे) एवढेच अँटिसेरा, म्हणजे ते तुकडे ओळखणारे द्राव, असतात, त्यामुळे इथेच ‘लाइट चेन मायलोमा’ असं लिहून टाकायचा मोह होतो. तो टाळा. आयजीडी आणि आयजीईचे अँटिसेरा लावल्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही. आपल्याकडे नसतील तर नमुना बाहेर पाठवा आणि तोवर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. आयजीडीमध्ये लॅम्डाचं पारडं जड असतं, त्यामुळे एकटा लॅम्डा दिसला की संशय वाढायलाच हवा. या रुग्णात आयजीडीच निघालं.

उपचार बहुतांशी तेच असतील तर एवढा खटाटोप कशाला, असं मला ज्युनियर विचारतात. कारण पुढची वर्षं या रुग्णाचा आजार कशाने मोजायचा ते इथे ठरतं. एवढ्याशा बँडवर विसंबता येत नाही, सिरम फ्री लाइट चेन (रक्तातल्या सुट्या लाइट चेन) बघाव्या लागतात. कप्पा-लॅम्डा गुणोत्तर नॉर्मली ०.२६ ते १.६५ असतं. किडनी बिघडली की दोन्ही चेन वाढतात, म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता गुणोत्तर वाचा. शिवाय या आजारात हाडांच्या बाहेर गाठी होण्याचं प्रमाणही जास्त आहे, ते वॉर्डला माहीत असलेलं बरं.

निदानासाठी बोन मॅरोत (अस्थिमज्जेत) प्लाझ्मा पेशी किमान १० टक्के हव्यात, हा २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतला आकडा. ॲस्पिरेटमध्ये (सुईने ओढलेला मॅरो) रक्त मिसळलं तर पेशी कमी भरतात, म्हणून ट्रिफाइन बायोप्सी (हाडाचा बारीक तुकडा) आणि त्यावर सीडी१३८ (प्लाझ्मा पेशींची खूण), कप्पा, लॅम्डा मागून घ्या. रक्तात आणि लघवीत काहीच न सापडणारा नॉन-सिक्रेटरी मायलोमा तर बायोप्सीवरच पकडला जातो.

उपचारानंतरच्या नमुन्यात अचानक आयजीजी-कप्पा बँड दिसला, तर डॅराटुमुमॅब (मायलोमावरचं अँटिबॉडी औषध) चालू आहे का ते आधी विचारा. ते औषध स्वतःच आयजीजी-कप्पा आहे आणि जेलवर उमटतं.

आणि असा रिपोर्ट तयार झाला की तो ट्रेमध्ये ठेवून घरी जाऊ नका. वॉर्डला फोन करा. लाइट चेन लवकर खाली आणल्या तर काही रुग्णांची किडनी सावरते, डायलिसिस सुटू शकतं. तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.