नर्सिंग परिषदेत नेतृत्वातला नवा प्रयोग कसा मांडावा

वॉर्डमधली एखादी जुनी रीत मोडून नवी बसवणाऱ्या सिस्टर्स मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तेच काम परिषदेत उभं राहून नीट सांगणाऱ्या मात्र फार थोड्या भेटल्या. याचं वाईट वाटतं, कारण सांगितलं नाही तर ते काम त्या एका वॉर्डातच राहतं आणि इनचार्जची बदली झाली की विरूनही जातं.

सुरुवात एका वाक्यापासून करा. आधी निर्णय कोणाच्या हातात होता आणि आता कोणाच्या हातात आहे, हे त्या वाक्यात यायला हवं. ‘पेशंट पडू नयेत म्हणून आम्ही नवा फॉर्म आणला’ हा फॉर्म झाला, नेतृत्व नव्हे. ‘शिफ्ट सुरू होताना आम्ही फळ्यापाशी दहा मिनिटं उभ्यानेच बैठक घेतो, आणि ती इनचार्ज चालवत नाहीत, सर्वांत नवी स्टाफ नर्स चालवते’ हे नेतृत्व. हे वाक्य जमेपर्यंत स्लाइड उघडू नका. मला स्वतःला त्यासाठी दोन आठवडे लागले होते.

मग निवडीसाठी परिषदेला पाठवायचा सारांश. परिषदेची सूचना नीट वाचा: शब्दमर्यादा बहुधा 250 ते 300 असते आणि मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते. प्रश्न काय होता, काय केलं, काय घडलं, काय शिकलो, एवढ्या चार गोष्टी पुरतात. ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ असं लिहू नका. निवड करणाऱ्यांच्या हातात तेवढा कागदच असतो. सुधारणेचं काम कसं लिहावं यासाठी ‘स्क्वायर 2.0’ नावाची मार्गदर्शक सूची 2015 साली प्रसिद्ध झाली आहे. सारांश लिहून झाला की तिच्याशी ताडून पाहा, सुटलेलं लगेच दिसतं.

परवानगीचं काम याच वेळी उरका. रुग्णालय प्रशासनाची संमती घ्या आणि नैतिकता समितीची मान्यता लागते का, ते लेखी विचारा. फोटो वापरणार असाल तर पेशंटचा चेहरा झाकला की झालं, असं समजू नका. मागच्या फळ्यावरचं नाव किंवा खाटेला अडकवलेला केसपेपर मोठ्या पडद्यावर अगदी स्वच्छ वाचता येतो.

आकड्यांना मात्र भरपूर वेळ द्या. बदलाच्या आधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. नुसतं ‘महिन्यात तीन पेशंट पडले’ म्हणू नका, कारण भरलेल्या वॉर्डातले तीन आणि अर्ध्या रिकाम्या वॉर्डातले तीन सारखे नसतात. दर 1000 रुग्णदिवसांमागे हिशेब करा (एक पेशंट एक दिवस वॉर्डात राहिला की एक रुग्णदिवस): महिन्यात 840 रुग्णदिवस भरले आणि तीन जण पडले, तर दर येतो 3.6. असे महिन्यामागून महिन्याचे दर एका रेषेत मांडा, मध्यक (दर चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा) आखा आणि बदल कुठे सुरू झाला तिथे उभी खूण करा. त्यानंतरचे सलग सहा किंवा जास्त बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला आले, तर तो निव्वळ योगायोग नसण्याची शक्यता दाट असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 मध्ये क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची आकृती काढली. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक गेले, हे त्या एका चित्राने उघड झालं. आपल्या व्यवसायाची ही परंपराच आहे, तेव्हा आकड्यांना बिचकू नका. बदलामुळे दुसरीकडे काही बिघडलं का, ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवायला, जास्त वेळ लागू लागला का, तेही मोजून दाखवा.

आणि जे फसलं ते सांगा. ऐकणाऱ्यांना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. आमची दहा मिनिटांची बैठक दिवसाच्या शिफ्टला छान चालली, रात्री पहिल्याच आठवड्यात बंद पडली. रात्रपाळीच्या एका ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, ‘आम्ही दोघी आहोत. दोघी फळ्यापाशी उभ्या राहिलो तर बेल कोण घेणार?’ त्यांचं बरोबर होतं. मग रात्रीसाठी बैठक काढून टाकली आणि फळ्यावर तीनच प्रश्न ठेवले: आज कोणाकडे जास्त लक्ष हवं, काय कमी आहे, कोणाला मदत लागेल? संध्याकाळची नर्स उत्तरं लिहून जायची, रात्रीची त्यात भर घालायची. आखा, करून पाहा, तपासा, सुधारा, हे चक्र पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते प्रत्यक्षात कसं फिरलं, हे असं सांगितल्यावरच समोरच्याला पटतं.

दहा मिनिटं मिळाली असतील तर आठ स्लाइड पुरे. पहिल्यांदा मी बावीस नेल्या होत्या. घंटा वाजली तेव्हा मी चौदावीवर होते आणि परिणाम विसावीवर होते. ते तसेच राहिले. तेव्हापासून परिणाम तिसऱ्या मिनिटाला सांगून टाकते. पोस्टर असेल तर आकार आधी विचारा. ए-झिरो म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर, पण उभं की आडवं हे परिषदेगणिक बदलतं. दीड मीटरवरून वाचता येत नसेल तर मजकूर कमी करा, अक्षरं बारीक करू नका.

सराव स्वतःच्या वॉर्डात करा, घड्याळ लावून. ज्यांनी काम केलं त्यांच्यासमोर खोटी फुशारकी निघत नाही. लेखकांची नावं आणि त्यांचा क्रमही तेव्हाच ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर मनं दुखावतात.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो: ‘तुम्ही तिथून गेलात तर हे टिकेल का?’ उत्तरात स्वतःबद्दल बोलू नका. आता ती बैठक कोण चालवतं, नव्या नर्सला ती कोण शिकवतं, इनचार्ज रजेवर असताना काय होतं, ते सांगा. शक्य असेल तर त्या नव्या नर्सलाच सोबत न्या आणि हे उत्तर तिला देऊ द्या.

फळ्यावरच्या तीन प्रश्नांचा एक पानी नमुना छापून जवळ ठेवा. जे मागतील त्यांचा पत्ता वहीत घ्या आणि महिन्याभराने विचारा, त्यांच्या रात्रपाळीत ते कसं चाललंय.