हप्ता तोच, मुदत कमी : आठ लाखांचं घरकर्ज वेळेआधी फेडताना

मी सोलापुरात घरी शिलाई करते, शाळेचे गणवेश. आमचे मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे, आहेत. 2017 साली एक बीएचके घेतला तेव्हा दोघांचं मिळून महिन्याला सरासरी 24 हजार यायचे. कर्ज 8 लाख, मुदत 20 वर्षं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 6,943 रुपये. ते खातं मार्च 2026 मध्ये बंद झालं, 240 ऐवजी 105 हप्त्यांत. मध्ये कुठली जमीन विकली नाही की कुणाकडून उसने घेतले नाहीत. ज्यांचा हप्ता नुकताच सुरू झालाय त्यांनी तर हे जरूर वाचावं, कारण पहिल्या पाच वर्षांत भरलेला रुपया सगळ्यात जास्त काम करतो.

आधी बँकेत जाऊन परतफेडीचा तक्ता छापून घ्या. त्यात दर महिन्याचा हप्ता व्याज आणि मुद्दल असा फोडून दिलेला असतो. आमच्या पहिल्या हप्त्यातले 5,667 रुपये व्याजात गेले, मुद्दलात फक्त 1,276. वर्षभरात 83 हजार भरले आणि कर्ज कमी झालं जेमतेम 16 हजारांनी. तो कागद मी शिलाई मशीनच्या वरच भिंतीला चिकटवला. ओव्हरलॉक मारताना मान वर केली की तो दिसायचा.

आता आमच्याकडून झालेली चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. जून 2018 मध्ये, बारा हप्ते झाल्यावर, आम्ही 40 हजार रुपये जादा भरले. पावती घेतली, आनंदात घरी आलो. पुढच्या महिन्यात मोबाइलवर मेसेज आला, 6,943 ऐवजी 6,588 कापले. मी शाखेत गेले तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, “ताई, हप्ता कमी झाला की ओ तुमचा, चांगलंच झालं की!” घरी येऊन मुलाला हिशोब करायला लावला. हप्ता 355 रुपयांनी कमी करून मुदत तीच ठेवली, तर सगळ्या वर्षांत मिळून व्याज वाचणार सुमारे 41 हजार. आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर 26 हप्ते पुसले जाणार आणि व्याज वाचणार सुमारे 1 लाख 42 हजार. पैसे तेच, कर्ज तेच, फरक एका लाखाचा. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेले, दोन चकरा मारल्या आणि मुदत कमी करून घेतली.

म्हणून जादा रक्कम भरताना नुसती स्लिप भरू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा : “माझ्या गृहकर्ज खात्यात आज भरलेली अमुक रक्कम मुद्दलात जमा करावी. मासिक हप्ता आहे तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी. सुधारित तक्ता द्यावा.” दोन प्रती काढा, एकीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. मोबाइलवरून भरत असाल तरी हा अर्ज द्याच. कधी कधी ती रक्कम आगाऊ हप्ता म्हणून पडून राहते आणि मुद्दल तिथंच राहतं. आठवड्याने खातेउतारा काढून मुद्दल खरंच उतरलंय का ते बघा. बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर असं जादा भरायला बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच तो बंद केलाय. स्थिर व्याजाचं कर्ज असेल तर मात्र आधी करारातली अट वाचा.

पैसे आणायचे कुठून, हा खरा प्रश्न. आमच्या घरात वर्षातून दोनदा जरा बरे पैसे येतात. एक दिवाळीचा बोनस. दुसरा माझा सीझन. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत, शाळा उघडेपर्यंत, गणवेशाच्या कामाला उसंत नसते. त्या दिवसांत पहाटे पाचला मशीन सुरू करायचे, रात्री काज-बटण करणारी शेजारीण घरी आली की उठायचे. शनिवारी शेटकडून हिशोब मिळायचा. पूर्वी ते पैसे घरखर्चात विरघळून जायचे आणि जुलैत हातात काही नसायचं. मग मी दुसऱ्या बँकेत वेगळं खातं काढलं, एटीएम कार्ड घेतलंच नाही. शनिवारच्या हिशोबातला निम्मा सोमवारी सकाळी त्या खात्यात. जूनच्या शेवटी ती रक्कम कर्जात, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात बोनस कर्जात. बोनस आधी भरायचा आणि उरलं तर दिवाळी, असं मात्र केलं नाही. मुलांचे कपडे, फराळ, जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावरचे पाळणे हे सगळं आधी बाजूला काढलं. घरातल्या माणसांना कर्जाचा राग येऊ लागला तर कुणीच साथ देत नाही.

तुमच्याकडे बोनसही नाही आणि सीझनही नाही, तर महिन्याला हजार रुपये जादा भरा. आमच्या कर्जावर पहिल्यापासून तेवढं एकच केलं असतं तरी 240 चे 178 हप्ते झाले असते आणि अडीच लाखांवर व्याज वाचलं असतं. मालकांचा पगार वाढला त्या प्रत्येक वर्षी आम्ही बँकेला अर्ज देऊन हप्ताही दोन-तीनशेंनी वाढवून घेतला. वाढलेला पगार हातात खेळायच्या आत हे करावं लागतं.

मात्र जादा भरण्याच्या आधी सहा हप्त्यांएवढी एफडी करा. आम्ही 42 हजारांची केली होती, आणि तीही मुदतीआधी मोडता येईल अशी. 2020 मध्ये तिचं मोल कळलं. टाळेबंदी लागली ती ऐन सीझनमध्ये. कापड कापून ठेवलेलं, शाळा बंद, शेट म्हणाले आता शिवू नको. कारखानाही थांबला. तेव्हा सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, पण त्या काळाचं व्याज चढतच होतं. आम्ही एफडी मोडली आणि हप्ते चालू ठेवले. त्या वर्षी जादा एक रुपयाही भरता आला नाही, पुढच्या वर्षी जेमतेम 15 हजार. जे होतं ते सगळं 2019 मध्ये कर्जात घातलं असतं तर बँक ते परत देणार नव्हती.

सोनेतारण, फायनान्स कंपनीचं कर्ज, दुकानातल्या वस्तूंचे हप्ते असं काही डोक्यावर असेल तर ते आधी संपवा, त्यांचं व्याज बहुतेक वेळा घरकर्जापेक्षा जास्त असतं. आणि “कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्या” हा सल्ला ज्याला करच भरावा लागत नाही त्याच्या उपयोगाचा नाही. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही मिळत नाही. मालकांच्या पीएफला आम्ही हात लावला नाही. म्हातारपणी तेवढाच आधार आहे.

व्याजदराकडे वर्षातून दोनदा तरी बघा. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन बदलत्या व्याजाची घरकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडावी लागली. आमचं त्याआधीचं होतं, म्हणून अर्ज करून, थोडी फी भरून नव्या पद्धतीत बदलून घेतलं आणि तेव्हा व्याज बरंच उतरलं. पण हाच दर वरही जातो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. आमचा हप्ता तोच होता म्हणून आम्ही निर्धास्त, आणि उतारा काढला तर शिल्लक हप्ते वाढलेले. दोन वर्षांची मेहनत परत मुदतीत गेली होती. लगेच हप्ता हजाराने वाढवून घेतला. ऑगस्ट 2023 पासून रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. विचारलं नाही तर तुम्ही विचारा. दर उतरला तर हप्ता कमी करून घेऊ नका.

शेवटचा हप्ता भरला की काम संपत नाही. खातं बंद करण्याच्या दिवसाची नेमकी रक्कम बँकेकडून लेखी घ्या, भरा, आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला मागा. घराचे मूळ कागद 30 दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. डिसेंबर 2023 पासून हा नियम आहे. कागद घेताना घाई करू नका. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी जपून ठेवली असेल तर ती सोबत न्या. मी आमच्या करारनाम्याची पानं तिथंच खुर्चीत बसून एकेक मोजली, सूची क्रमांक दोन (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा) बघितला, मगच सही केली. खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी रद्द करून घ्या, दिलेले कोरे चेक परत मागा. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला असेल तर दाखला जोडून तो कमी करायचा अर्ज द्या. सोसायटीला एक प्रत द्या. दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, अहवाल काढून त्यात कर्ज ‘बंद’ दिसतंय का ते बघा, नसेल तर शिक्का मारलेला दाखला घेऊन पुन्हा शाखेत जा.